अंगणातील डिस्क गोल्फ: सरावाच्या टोपलीची निवड

डिस्क गोल्फ या खेळात चेंडूऐवजी प्लास्टिकची चपटी गोल डिस्क असते, काठीऐवजी खेळाडूचा हात असतो आणि जमिनीतील खळग्याऐवजी लोखंडी खांबावर बसवलेली जाळीदार टोपली असते, जिच्या वरच्या कड्यापासून साखळ्या खाली लोंबत असतात. ठरलेल्या जागेवरून पहिली फेक करायची, डिस्क जिथे पडेल तिथून पुढची, आणि कमीत कमी फेकींत ती टोपलीत पोहोचवायची, असा हा खेळ असून एका फेरीत साधारणपणे १८ टोपल्या असतात. टोपलीपासून १० मीटरांच्या आतून केलेल्या फेकीला पटिंग म्हणतात, आणि या वर्तुळात नियम थोडा कडक होतो: डिस्क सोडल्यावर तोल सावरल्याचे दिसेपर्यंत खेळाडूला डिस्क पडलेल्या जागेच्या खुणेपुढे पाऊल टाकता येत नाही. लांब पल्ल्याची फेक पाहणाऱ्याचे डोळे दिपवते, परंतु जवळजवळ प्रत्येक टोपलीचा हिशेब शेवटी या लहान फेकीनेच मिटतो, आणि संपूर्ण खेळात घरच्या घरी, एकट्याने, रोज अर्धा तास देऊन सुधारता येईल असे कौशल्य हेच आहे.

या दृष्टीने पाहिले तर गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी तालुक्यातले सौंदडसारखे गाव या सरावाला शहरातील सदनिकेपेक्षा अधिक सोयीचे ठरते. नागपूर ते रायपूर हा राष्ट्रीय महामार्ग आणि गोंदिया ते बल्लारशा ही रेल्वे या दोन्हींवर असलेल्या या गावाच्या आसपास धानाची शेती आहे, आणि अशा गावात घरापुढे अंगण, मागे परसबाग किंवा कापणीनंतर काही महिने मोकळे राहणारे खळे मिळणे अवघड नसते. डिस्क गोल्फचे संपूर्ण मैदान उभारायला कित्येक एकर जागा लागते, पटिंगला मात्र लांबीने १० ते १२ मीटर आणि रुंदीने तीन-चार मीटर पुरतात. प्रश्न उरतो तो टोपलीचा, आणि तो दिसतो त्याहून गुंतागुंतीचा आहे, कारण चुकीची टोपली सरावाचा उपयोग कमी करून थांबत नाही, तर हाताला चुकीची सवयही लावते.

टोपली अशीच का असते, हे कळण्यासाठी तिच्या इतिहासाकडे थोडे पाहावे लागते. फ्रेड मॉरिसन यांनी घडवलेली उडती तबकडी व्हॅम-ओ या अमेरिकी कंपनीने १९५७ मध्ये बाजारात आणली आणि फ्रिस्बी या नावाने ती जगभर पसरली. तिच्याशी गोल्फसारखा खेळ लोक आधीपासूनच खेळत होते, पण त्यांचे लक्ष्य म्हणजे झाडाचे खोड, दिव्याचा खांब किंवा कचऱ्याचे पिंप. खोडाला डिस्क लागली की नाही, यावरून वाद होत, कारण ओझरता स्पर्श डोळ्यांना दिसत नाही. व्हॅम-ओमध्येच काम केलेले एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्क येथे या खेळाचे पहिले कायमस्वरूपी मैदान आखले, पुढच्या वर्षी व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना स्थापन केली आणि साखळ्यांच्या टोपलीचे पेटंट त्यांना १९७७ मध्ये मिळाले. फेक यशस्वी झाली की नाही, हे या टोपलीने निर्विवादपणे ठरू लागले: डिस्क टोपलीत किंवा साखळ्यांत स्थिरावली तर ती आत, अन्यथा बाहेर. वरच्या कड्याच्या माथ्यावर जाऊन बसलेली डिस्कही नियमानुसार बाहेरच.

साखळीचे काम नेमके काय, हे जवळून पाहण्यासारखे आहे, कारण टोपलीच्या निवडीतील निम्मे शहाणपण त्यातच आहे. पटिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या डिस्कला पटर म्हणतात. तिचा व्यास सुमारे २१ सेंटिमीटर असतो, आणि व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम या नियमामुळे तिचे वजन १७५ ग्रॅमच्या आसपास येऊन थांबते. अशी डिस्क सेकंदाला १० मीटर वेगाने आली असे धरले, तर तिच्यातील गतिज ऊर्जा, म्हणजे हालचालीमुळे तिच्या अंगी आलेली ऊर्जा, पावणेनऊ ज्यूल भरते. एक किलोचे वजन जमिनीपासून सुमारे ९० सेंटिमीटर उंचीवरून सोडल्यास जमिनीवर आपटताना त्यात जेवढी ऊर्जा असते, तेवढी ही आहे. डिस्क थेट खांबावर आदळली तर यातील बराच भाग तिला मागे उसळवण्यात जातो. सैल लोंबणाऱ्या साखळ्यांवर ती आदळते तेव्हा तिच्या वाटेत आलेल्या चार-पाच साखळ्या मागे ढकलल्या जातात, कड्या एकमेकींवर घासतात, डिस्कचे स्वतःभोवतीचे फिरणे कड्यांच्या घर्षणाने मंदावते, आणि साखळ्या परत पुढे येईपर्यंत डिस्कमध्ये उसळण्याइतका वेग उरलेला नसतो, म्हणून ती सरळ खालच्या जाळीत पडते. २०२१ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत अमेरिकेतील ऑग्डेन येथे जेम्स कॉनराड यांनी शेवटच्या टोपलीवर सुमारे ७५ मीटरवरून केलेली फेक साखळ्यांनी अशीच झेलली, त्यामुळे पॉल मॅकबेथ यांच्याशी बरोबरी झाली आणि पुढे कॉनराड विजेते ठरले.

यावरून साखळीच्या तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात: तिचे वजन, तिची ढिलाई आणि तिची रचना. फार हलकी साखळी डिस्कला अडवत नाही, डिस्क तिच्यातून आरपार जाते. फार जड किंवा ताणून बांधलेली साखळी भिंतीसारखी वागते आणि डिस्क परत पाठवते. चांगल्या टोपलीत साखळ्यांचे दोन थर असतात, बाहेरचा थर वरच्या मोठ्या कड्यापासून निघून खाली खांबाकडे निमुळता होत येतो आणि आतला थर खांबाच्या जवळ राहून, बाहेरच्या साखळ्यांमधून निसटलेल्या डिस्कला खांबावर आदळण्याआधी अडवतो. स्पर्धेच्या टोपल्यांत साखळ्यांची संख्या साधारण २४ ते २८ असते, काहींत त्याहून बरीच जास्त. घरच्या सरावासाठी बाहेर १२ आणि आत १२ अशा २४ साखळ्या पुरेशा आहेत. आतला थर नसलेली स्वस्त टोपली मात्र घेऊ नये, कारण तीत मधोमध बसलेली, म्हणजे सर्वांत अचूक फेकच खांबाला लागून बाहेर पडते आणि खेळाडू नकळत खांब टाळून बाजूला मारू लागतो.

सरावाची टोपली मैदानावरील टोपलीसारखीच चूक दाखवणारी हवी, आणि फरक पडायचाच असेल तर ती मैदानापेक्षा कठोर असावी, सैल कधीही नसावी; निवडीचे इतर सगळे निकष या एका कसोटीखाली येतात. या कसोटीवर पहिला क्रम उंचीचा लागतो. नियमानुसार टोपलीच्या जाळीचा वरचा काठ जमिनीपासून ८२ सेंटिमीटरवर असतो आणि त्यात सहा सेंटिमीटर इकडे-तिकडे चालते. वरचे कडे साधारण साडेचार फुटांवर येते. बाजारातील अनेक घडीच्या टोपल्या यापेक्षा बुटक्या असतात. अशा टोपलीवर महिनोन्‌महिने सराव केलेल्या खेळाडूचा हात खालच्या उंचीला सरावतो आणि खऱ्या मैदानावर त्याची डिस्क जाळीच्या बाहेरच्या काठावर आदळून खाली पडते. रंग, चाके, पिशवी या गोष्टी नंतर पाहता येतात. टेप लावून ८२ सेंटिमीटर मोजणे हे खरेदीपूर्वीचे पहिले काम आहे.

दुसरा प्रश्न रुंदीचा. प्रमाणित टोपलीच्या साखळ्यांचा घेर वरच्या बाजूला सुमारे ५५ सेंटिमीटर व्यासाचा असतो, तर एमव्हीपी कंपनीची ब्लॅक होल प्रिसिजन किंवा डायनॅमिक डिस्क्स कंपनीची मार्क्समन अशा काही टोपल्या मुद्दाम अरुंद बनवलेल्या असतात. कोणती घ्यावी हे अंगणाच्या लांबीवरून ठरवणे सर्वांत समंजस. ५५ सेंटिमीटर रुंदीचे लक्ष्य १० मीटरवरून डोळ्याला जेवढे रुंद दिसते, जवळजवळ तेवढेच रुंद ३८ सेंटिमीटरचे लक्ष्य सात मीटरवरून दिसते. म्हणजे अंगण सात मीटरांपलीकडे जात नसेल, तर अरुंद टोपली लावून निदान डाव्या-उजव्या दिशेपुरता १० मीटरचा कस मिळवता येतो. हा हिशेब दिशेचा आहे, उंचीचा नाही. १० मीटरवर डिस्क जेवढी खाली उतरते किंवा वाऱ्याने जेवढी हलते, तेवढी ती सात मीटरवर उतरत वा हलत नाही, त्यामुळे अधूनमधून शाळेच्या पटांगणावर किंवा मोकळ्या खळ्यात पूर्ण अंतरावरून फेकून पाहणे आवश्यक राहते. नवशिक्याने मात्र अरुंद टोपलीपासून सुरुवात करू नये, कारण दहातील आठ फेकी चुकू लागल्या की सराव टिकत नाही.

जगाच्या बाजारात घरगुती सरावाच्या टोपल्यांचे ढोबळ चार प्रकार दिसतात. सर्वांत हलकी ती कापडाची, उघडताच उभी राहणारी. इनोव्हा कंपनीची ट्रॅव्हलर ही या जातीतली. तिच्यात साखळी नसते, डिस्क कापडावर आदळून खाली पडते, आवाज होत नाही, आणि गच्चीवर किंवा मोठ्या खोलीत ती चालते. परंतु डिस्क साखळीत बसली असती की बाहेर फेकली गेली असती, हे ती सांगू शकत नाही. त्यानंतर सुटे भाग जोडून उभारायची, हलक्या साखळ्यांची टोपली येते. घरी आणि प्रवासात दोन्हीकडे चालणारी असल्याने बहुतेक लोक हीच घेतात, आणि उंची प्रमाणित असेल तर ती वाईट नाही. तिसरी जड बैठकीची, बहुधा चाके लावलेली. चौथी म्हणजे जमिनीत काँक्रीट करून बसवलेली कायमची टोपली, जी मैदानावर असते तीच. अंगण स्वतःचे असेल आणि ते धान वाळवायला, मांडव घालायला किंवा गाडी लावायला लागत नसेल, तर चौथा प्रकार निर्विवाद सर्वोत्तम. पण खेड्यातील अंगणाला वर्षभर अनेक कामे असतात, म्हणून खांब काढता येईल अशी सोय ठेवणे शहाणपणाचे. जमिनीत पाइपाचा एक तुकडा कायमचा बसवायचा, त्यात टोपलीचा खांब उभा करायचा, आणि गरज संपली की खांब उचलून पाइपाच्या तोंडावर झाकण घालायचे.

आयात केलेली टोपली भारतात महाग पडते, कारण तिच्या वजनामुळे वाहतुकीचा खर्चही मोठा येतो आणि वर सीमाशुल्क भरावे लागते. गेट, ग्रिल आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या वेल्डिंगच्या दुकानात जे साहित्य नेहमी असते, त्यातून मात्र उत्तम टोपली बनते, आणि त्यासाठी कारागिराला खेळ माहीत असण्याची गरज नाही, मापे अचूक देण्याची गरज आहे. खांबासाठी सव्वा ते दीड इंची जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप. वरच्या कड्यासाठी वाकवलेली लोखंडी पट्टी, व्यास ५५ सेंटिमीटर. खालच्या जाळीसाठी सळईचे वर्तूळ, व्यास सुमारे ६५ सेंटिमीटर आणि खोली २० सेंटिमीटर. जाळीच्या उभ्या सळयांमधील अंतर असे, की २१ सेंटिमीटर व्यासाची डिस्क आडवी काय, तिरकीही बाहेर जाऊ नये. साखळ्यांसाठी चार ते पाच मिलिमीटर जाडीच्या तारेची, जस्ताचा मुलामा असलेली साखळी घ्यावी. प्रत्येकी ६० सेंटिमीटरच्या २४ साखळ्यांना साडेचौदा मीटर लागते. साखळ्या खाली खांबाला वेल्ड करू नयेत. खांबापेक्षा थोडे मोठे एक कडे खांबाभोवती मोकळे लटकत ठेवून त्यात त्यांची खालची टोके अडकवावीत, म्हणजे फेक बसताच ते कडे वर उचलले जाते आणि साखळीला लागणारी ढिलाई आपोआप मिळते. वरची टोके एस आकाराच्या हुकांनी अडकवली, तर एखादी साखळी बदलण्यासाठी पुन्हा वेल्डिंगच्या दुकानाची पायरी चढावी लागत नाही. सगळ्या कडा कानशीने घासून घ्याव्यात, विशेषतः वेल्डिंगचे थेंब, कारण पटरचे प्लास्टिक मऊ असते आणि धारदार टोकाने तिचा काठ महिन्याभरात चिरत जातो.

जमिनीचा विचारही करावा लागतो. गोंदिया भागातील शेतकरी जमिनीला कन्हार, मोरंड, खर्डी, सिहार अशा नावांनी ओळखतात. त्यांतील कन्हार म्हणजे काळी भारी चिकण जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यामुळे तीत उथळ खड्डा करून बसवलेला खांब एका पावसाळ्यातच कलतो. अशा जमिनीत खड्डा किमान दीड-दोन फूट खोल घ्यावा, तळाशी मुरूम व गिट्टी ठोकून भरावी आणि मगच काँक्रीट ओतावे. रेताड सिहार जमिनीत पाणी लवकर मुरते, तिथे एवढा खटाटोप लागत नाही. काँक्रीट ओले असताना गवंड्याचा ओळंबा लावून खांब दोन बाजूंनी तपासावा. खांब किंचित जरी कलला, तरी एका बाजूच्या साखळ्या खांबाला चिकटतात आणि दुसऱ्या बाजूच्या दूर जातात, मग त्याच फेकीचा निकाल बाजूनुसार बदलतो. बैठकीची टोपली असेल तर बैठक किमान ६० सेंटिमीटर रुंद असावी आणि तिच्यावर वाळूचे पोते ठेवावे, कारण वरचे साखळ्यांचे ओझे टोपलीला सहज लोळवते, आणि अंगणात लहान मुले व गुरे वावरत असतील तर हा प्रश्न खेळाच्या पलीकडचा होतो.

टोपली येईपर्यंत किंवा बनेपर्यंत हात थांबवण्याचे कारण नाही. पूर्व विदर्भातील शाळांच्या पटांगणांत खो-खोचे खांब असतात, आणि खो-खोचा खांब जमिनीवर १२० ते १२५ सेंटिमीटर उंच असतो. त्यावर ८२ सेंटिमीटरला चुन्याची एक रेघ मारली, की रेघेपासून माथ्यापर्यंतचा पट्टा म्हणजे साखळ्यांच्या क्षेत्राचा बराचसा भाग होतो. खांब जेमतेम १० सेंटिमीटर जाडीचा, त्यामुळे त्याला लागणारी फेक दिशेने जवळजवळ निर्दोष असते. हेड्रिक यांच्या टोपलीआधीचे खेळाडू खोडाला आणि खांबाला मारूनच तयार झाले होते. मात्र खांब डिस्क झेलत नाही, त्यामुळे किती जोराने फेकावे हे तो शिकवत नाही, आणि जोर आटोक्यात ठेवणे हा पटिंगचा अर्धा भाग आहे. टोपली बनली तरी खांबावरचा सराव आठवड्यातून एखाद्या वेळी चालू ठेवण्यासारखा आहे.

डिस्कच्या बाबतीत एक खबरदारी हवी. भारतात अल्टिमेट नावाचा सांघिक फ्रिस्बी खेळ अधिक रुळलेला असल्याने सहज मिळणारी डिस्क बहुधा त्या खेळाची असते. तिचेही वजन १७५ ग्रॅमच असते, पण व्यास सुमारे २७ सेंटिमीटर, काठ जाड व गोलसर आणि उडण्याची रीत तरंगती. ती टोपलीत बसते, साखळ्यांत थांबतेही, परंतु तिच्यावर घडलेला हात पटरवर तसाच चालत नाही. सरावासाठी एकाच साच्याच्या तीन-चार पटर घेतल्या तर दर फेकीनंतर चालत जाऊन डिस्क आणावी लागत नाही, आणि फेकी एकमेकींशी ताडून पाहता येतात. टोपलीमागे भिंत किंवा जुनी जाळी असावी. ती नसेल आणि पलीकडे बांधी, म्हणजे धानाचे खाचर असेल, तर त्याच्या चिखलात गेलेली डिस्क शोधण्यातच संध्याकाळ संपते. मे महिन्यात पत्र्याच्या छपरावर किंवा गाडीच्या काचेमागे पटर ठेवू नयेत, उष्णतेने त्या वेड्यावाकड्या होतात.

आवाजाकडेही दुर्लक्ष होऊ नये. साखळ्यांचा खणखणाट खेळणाऱ्याला सुखावतो, पण घराला घर लागून असलेल्या गल्लीत रात्री नऊनंतर तो शेजाऱ्यांना नकोसा होतो. अशा वेळी साखळ्यांवर जुने सुती धोतर किंवा लुगडे सैलसर गुंडाळले तर आवाज बराच दबतो आणि डिस्क तरीही खाली पडते, मात्र त्या वेळच्या यशाच्या मोजणीवर विसंबू नये.

अंगणात चुन्याने तीन, पाच, सात आणि १० मीटरवर रेघा आखाव्यात आणि टोपलीची जागा दोन-तीन आठवड्यांनी बदलावी, जेणेकरून वारा आणि प्रकाश नेहमी एकाच बाजूने येणार नाहीत. जमिनीत बसवलेल्या टोपलीच्या बाबतीत रेघांचीच दिशा बदलावी. पावसाळ्यापूर्वी वेल्डिंगच्या सांध्यांवर रेड ऑक्साइडचा एक हात द्यावा, कारण मुलामा दिलेल्या पाइपावरचे जस्त वेल्डिंगच्या जागी जळालेले असते आणि गंज तिथूनच सुरू होतो. साखळ्यांना मात्र रंग देऊ नये. रंगाने कड्या एकमेकींना चिकटतात आणि साखळीची ढिलाई जाते. पोळ्याच्या सुमारास, पावसाचा जोर ओसरल्यावर, एकेक हुक हाताने ओढून पाहावा आणि ओळंबा लावून खांब पुन्हा एकदा तपासावा.